चारचौघांचं भय आणि चाळीस टक्के
(विहाराच्या वर्धापनदिन कार्यक्रमात केलेल्या भाषणाचा मजकूर)



दर वर्धापनदिनाला आम्हाला गिरणीच्या, घरांच्या नाहीतर फंडाच्या प्रश्नावर बोलायला उभं करतात. या वेळी आम्ही समितीकडून विषय मागून घेतला. विषय ऐकून दोघा-तिघांनी विचारलं, "दादा, हा काय भाषणाचा विषय आहे का? हे घरातलं झालं." आमचं म्हणणं असं की, जे घराघरात आहे आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही, तोच भाषणाचा विषय असतो.

आम्ही डॉक्टर नाही, वकील नाही. नववीतून शाळा सुटलेला, साचेखात्यात बदली म्हणून लागलेला माणूस. २०२० च्या टाळेबंदीत आमच्या गिरणीचे साचे थांबले ते थांबलेच. जे थोडंफार शिकलो ते युनियनच्या कचेरीत, वाचनालयात आणि याच विहाराच्या ओट्यावर. तेव्हा बोलण्यात काही कमीजास्त झालं तर सांभाळून घ्या.

अंगुत्तर निकायात पाच भयं सांगितली आहेत. पहिलं आजीविकभय, म्हणजे पोट कसं भरेल याचं भय. दुसरं असिलोकभय, लोक नावं ठेवतील याचं. तिसरं परिससारज्जभय, म्हणजे परिषदेत, चार माणसांत गेलं की जीव घाबरा होतो ते भय. चौथं मरणभय आणि पाचवं दुग्गतिभय. त्या सुत्तात रोगाचं वर्णन नाही, हे आम्हाला कळतं. पण एक गोष्ट ध्यानात घ्या. चारचौघांच्या भयाला तथागतांनी मरणाच्या भयाबरोबर एका रांगेत बसवलं. आपण मात्र त्याला लाजाळूपणा म्हणतो, बुळेपणा म्हणतो, "आईच्या पदराखाली वाढलाय" म्हणतो आणि मोकळे होतो.

आम्हीही तेच म्हणत होतो. म्हणून आज उभे आहोत.

आमच्या थोरल्या बहिणीचा मुलगा. नाव सांगत नाही. वस्तीत पुष्कळांना ठाऊक आहे, पण छापील कागदावर नाव नको, असं त्याचं म्हणणं. हे भाषण लिहून झाल्यावर आम्ही त्यालाच पहिल्यांदा वाचायला दिलं. त्याने दोन वाक्यं खोडली आणि बाकीचं राहू दे म्हणाला. तो नको म्हणाला असता तर आम्ही बोललो नसतो.

आज तो सव्वीस वर्षांचा आहे. दहावीला त्याला ८१ टक्के पडले होते. बारावीच्या तोंडी परीक्षेच्या दिवशी तो घरातून वेळेवर निघाला आणि संध्याकाळपर्यंत स्टेशनच्या बाकावर बसून राहिला. लेखी परीक्षेलाही मग गेला नाही. दुकानात जाऊन दुधाची पिशवी मागणं त्याला जमत नाही. कुणी बघत असलं की त्याच्या घशाखाली घास उतरत नाही, म्हणून लग्नाकार्यात तो जेवत नाही. समोर माणूस असला की सही करताना हात थरथरतो. फोन वाजला की उचलत नाही. आणि आपल्या चाळीचे संडास सामायिक आहेत, ते तुम्ही जाणता. रांगेत उभं राहावं लागू नये म्हणून तो वर्षानुवर्षं पहाटे तीनला उठतो.

आम्ही त्याचे मामा. मेव्हणे लवकर वारले, तेव्हा शिस्त लावायचं काम आमचं, असं आम्ही धरून चाललो. एका १४ एप्रिलला त्याला न विचारता भाषणाच्या यादीत त्याचं नाव घातलं. वाटलं, एकदा माईकसमोर उभा राहिला की भीड चेपेल. नाव पुकारलं. पोरगा उभा राहिला, "आदरणीय" एवढं म्हणाला, आणि पुढे आवाजच फुटेना. घामाने शर्ट भिजला. लोक हसले. लोक काही वाईट नव्हते, आपलेच होते. आम्हीसुद्धा हसलो, हे इथे कबूल केलं पाहिजे. त्यानंतर सहा वर्षं तो या विहाराची पायरी चढला नाही.

पुढे एका रुग्णालयातल्या मनोविकार विभागात त्याच्या आईने त्याला नेलं, तेव्हा डॉक्टरांनी या आजाराचं नाव सांगितलं. सोशल अँग्झायटी. अमेरिकेतल्या मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने १९८० साली आपल्या रोगांच्या यादीत त्याला स्वतंत्र जागा दिली. हा बहुधा शाळा-कॉलेजच्या वयातच सुरू होतो, म्हणून आई-बापांना तो वयाचा हट्ट वाटतो. यावर औषधं आहेत आणि समुपदेशनाने, पायरी-पायरीने भीतीला सामोरं जायला शिकवण्याची पद्धतही आहे. पुष्कळ जण त्याने सावरतात. पण काहींचा आजार इतका तीव्र असतो की शिक्षण थांबतं, नोकरी लागत नाही, घराबाहेर पडणं बंद होतं. अशा माणसाला अपंगत्वाचं प्रमाणपत्र आणि सरकारी मदत मिळते का, आणि मिळत नसेल तर ती कुठे अडते, हा आजचा मुद्दा.

टक्के आम्हा गिरणी कामगारांना नवीन नाहीत. १९२३ च्या नुकसानभरपाईच्या कायद्याला एक परिशिष्ट होतं. अंगठा गेला तर ३० टक्के, तर्जनी पूर्ण गेली तर १४ टक्के, असा सगळा हिशेब त्यात मांडलेला होता. बाबासाहेब १९४२ ते १९४६ मजूरमंत्री होते. त्याच काळात, १९४४ साली, प्राध्यापक अदारकरांचा कामगारांच्या आरोग्य विम्याचा अहवाल आला आणि त्याच पायावर १९४८ चा राज्य विमा कायदा उभा राहिला. बोट गेलेला कामगार मेडिकल बोर्डापुढे जायचा आणि हात टेबलावर ठेवायचा. बोट नाही, हे बोर्डाला दिसायचं. टक्क्यांवरून भांडण व्हायचं, पण "तुझं बोट खरंच तुटलंय का?" असं कुणी विचारत नव्हतं.

भय टेबलावर कसं ठेवणार? भाच्याच्या बाबतीत आमची सगळी वणवण या एका प्रश्नावरून झाली.

आता कायदा काय म्हणतो ते बघा. संविधानाच्या कलम ४१ मध्ये बेकारी, वार्धक्य, आजार आणि अपंगत्व यांत राज्याने सार्वजनिक साहाय्य द्यावं, असं लिहिलेलं आहे. ते मार्गदर्शक तत्त्व आहे, त्यासाठी थेट कोर्टात जाता येत नाही, पण दिशा तिथे आखून दिलेली आहे. १९९५ च्या अपंग व्यक्ती कायद्यात सात प्रकार होते आणि त्यांत मानसिक आजार हा एक होता. २०१६ च्या दिव्यांग व्यक्ती हक्क कायद्यात प्रकार २१ झाले. बहुतेक सवलतींसाठी किमान ४० टक्के लागतात. २०१६ च्या कायद्यात मानसिक आजाराची व्याख्या करताना विचार, मनःस्थिती, आकलन, भान, स्मृती यांतल्या मोठ्या बिघाडाचा उल्लेख केला आहे. भय हा शब्द त्यात नाही. पण त्याच व्याख्येत पुढे असंही आहे की, त्या बिघाडामुळे रोजच्या जीवनातल्या साध्या गरजा भागवण्याची क्षमता फार ढासळलेली असावी. आमच्या भाच्याला दार या शेवटच्या शब्दांतून उघडतं.

टक्के मोजायची पट्टी वेगळी आहे. भारतीय मनोविकारतज्ज्ञांच्या संघटनेने तयार केलेली ही पट्टी 'आयडियाज' या नावाने ओळखली जाते. केंद्र सरकारने ती २००२ साली लागू केली आणि २०१८ च्या मार्गदर्शक सूचनांतही तीच ठेवली. ती मुळात बनवली तेव्हा डोळ्यासमोर चार आजार होते : स्किझोफ्रेनिया, बायपोलर, स्मृतिभ्रंश आणि मंत्रचळ म्हणतात तो ओसीडी. चारचौघांचं भय त्या चारांत नव्हतं. पट्टीत चार बाबी तपासतात. एक, स्वतःची निगा. दोन, माणसांशी संबंध. तीन, बोलणं आणि समजणं. चार, काम, मग ते नोकरी असो, घरकाम असो की शिक्षण. प्रत्येक बाबीला शून्य ते चार गुण, आणि आजार किती काळचा आहे त्याचे वेगळे चारपर्यंत. एकूण वीस. सातपासून पुढे चाळीस टक्के धरतात. इथे जास्त गुण म्हणजे जास्त त्रास, हे लक्षात ठेवा.

आता आमच्या भाच्याला या पट्टीवर ठेवून बघा. आंघोळ करतो, कपडे नीट घालतो, म्हणजे निगा शून्य. सगळं समजतं, वर्तमानपत्र पहिल्या पानापासून शेवटपर्यंत वाचतो, म्हणजे समजण्यालाही जवळपास शून्य. राहिल्या दोन बाबी, माणसं आणि काम. त्याचा सगळा आजार या दोन बाबींत आहे. तिथे खरे गुण पडले आणि आजाराच्या वर्षांचे धरले तर सात सहज होतात. म्हणजे पट्टी काही अगदीच वैरीण नाही. पण त्या दोन बाबी तपासायच्या कशा? पाच-दहा मिनिटांत, अनोळखी माणसांसमोर, त्यालाच प्रश्न विचारून!

आम्ही त्याला घेऊन तीन वेळा बोर्डाला गेलो. रुग्णालयाचं नाव घेत नाही, कारण दोष एका रुग्णालयाचा नाही.

पहिल्या वेळी सकाळी नऊला गेलो. व्हरांड्यात दीडशे माणसं. कुणी कुबडीवर, कुणी पोराला कडेवर घेतलेलं. बसायला जागा नाही. शिपाई मोठ्याने नावं पुकारत होता, आणि नाव पुकारलं की सगळी गर्दी वळून त्या माणसाकडे बघायची. साडेबाराला आमच्या पोराचं नाव आलं, तेव्हा तो जागेवर नव्हता. जिना उतरून फाटकाबाहेर झाडाखाली उभा होता. ओकारी झाली होती. कागदावर शेरा पडला : गैरहजर.

दुसऱ्या वेळी आम्ही दोघं, आई आणि मामा, त्याच्या दोन्ही बाजूंना पहारा दिल्यासारखे बसलो. आत गेला. डॉक्टर सभ्य होते. त्यांनी विचारलं, "स्वतःचं स्वतः करतोस?" हो. "पैसे मोजता येतात?" हो. "बसने, ट्रेनने जाता येतं?" हो. "मित्र आहेत?" हो. खाली मान घालून प्रत्येकाला हो. मित्र कुठले? सहा वर्षांत एक माणूस त्याच्याकडे आला नव्हता! बाहेर आल्यावर आम्ही चिडून विचारलं, "हो का म्हणालास?" तो म्हणाला, "मामा, हो म्हटलं की पुढचा प्रश्न लवकर येतो आणि लवकर सुटतो."

बांधवांनो, हे वाक्य आम्ही विसरू शकत नाही. समोरच्याचं मन मोडू नये, तो आपल्याला वाईट म्हणू नये, लवकर सुटका व्हावी, म्हणून माणूस हो म्हणतो. ते 'हो' त्याच्या आजारातून येतं आणि कागदावर मात्र तो बरा असल्याचा पुरावा म्हणून उमटतं.

आणि आमच्या बहिणीने काय केलं? डॉक्टरांनी तिला विचारलं, तर ती म्हणाली, "तसा हुशार आहे हो, घरातलं सगळं करतो." आईच ती. परक्यासमोर पोराची लाज झाकली. चाळीसच्या खाली आकडा आला.

म्हणून आमचं म्हणणं आहे की, ही परीक्षाच उलटी आहे. जो माणूस गर्दीत उभा राहू शकत नाही, त्याने तसं सिद्ध करण्यासाठी गर्दीत उभं राहायचं. उभा राहिला तर तो बरा, नाही राहिला तर तो गैरहजर! पांगळ्या माणसाला "तिसऱ्या मजल्यावर चढून ये आणि तुझा पाय दाखव" असं म्हणण्यातली गोष्ट आहे ही.

यावर कुणी म्हणेल, मग काय, न तपासता प्रमाणपत्रं वाटायची? तसं आम्ही म्हणत नाही. बनावट प्रमाणपत्रं घेणारे आहेत, आणि ते खऱ्या माणसाच्या ताटातलं ओढतात. तपासणी झालीच पाहिजे. प्रश्न फक्त कशी, एवढाच आहे.

दुसरीकडे हे कसं करतात, ते आम्ही मुद्दाम शोधलं. ब्रिटनमध्ये आपले धम्मबांधव राहतात, त्यांतल्या एकाने कागद पाठवले आणि भाच्याने आम्हाला ते वाचून अर्थ सांगितला. तिथे २०१३ पासून अपंगांना एक भत्ता मिळतो. त्याच्या तपासणीत माणसांशी समोरासमोर मिसळता येतं का, हा स्वतंत्र प्रश्न आहे. मिसळण्यामुळे असह्य मानसिक त्रास होऊन ते अशक्यच होत असेल, तर त्या एका प्रश्नाला आठ गुण आहेत, आणि रोजच्या जीवनाच्या भत्त्याची पहिली पायरी आठ गुणांचीच आहे. शिवाय नियम असा की, एखादी गोष्ट "येते" असं म्हणायचं तर ती सुरक्षितपणे, नीट, पुन्हा पुन्हा आणि वाजवी वेळेत करता आली पाहिजे. एकदा कसंबसं केलं, ते धरत नाहीत.

पण तिथेही सगळं आलबेल नाही. २०१७ च्या मार्चमध्ये सरकारने प्रवासाच्या भत्त्याचे नियम बदलले आणि केवळ मानसिक त्रासामुळे बाहेर पडता न येणाऱ्यांचे गुण कापले. त्याच वर्षी डिसेंबरमध्ये तिथल्या हायकोर्टाने तो बदल भेदभाव करणारा ठरवून रद्द केला, आणि सरकारला सुमारे १६ लाख प्रकरणं पुन्हा तपासायला घ्यावी लागली. श्रीमंत देशातही मनाच्या आजाराला हाता-पायाच्या बरोबरीने बसवायला कोर्टात जावं लागलं. तेव्हा आपल्याला झगडावं लागतं, यात नवल नाही.

तिसऱ्या वेळी आम्ही तयारीने गेलो. ती तयारी सांगतो, कारण इथे बसलेल्यांपैकी कुणाच्या तरी घरी ती लागणार आहे. २०१५-१६ साली बारा राज्यांत राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षण झालं. महाराष्ट्र त्यात नव्हता. त्या बारा राज्यांत शंभर प्रौढांमागे दहाहून अधिक जणांना त्या वेळी कुठला ना कुठला मानसिक आजार होता. आपली वस्ती काही वेगळ्या मातीची नाही.

पहिली गोष्ट, उपचार चालू ठेवा आणि केसपेपर जपा. डॉक्टरांना विनंती करा की नुसतं आजाराचं नाव लिहू नका, या माणसाला काय जमत नाही तेही लिहा.

दुसरी गोष्ट, घरी वही करा. पंधरा-वीस दिवस रोज लिहा. आज एकट्याने काय केलं, कुणी सोबत असताना काय केलं, काय टाळलं, टाळण्यासाठी काय केलं. पहाटे तीनचा संडास आम्ही त्या वहीत लिहिला. 'येतं का' या प्रश्नाला नुसतं हो-नाही लिहू नका. रोज येतं का, एकट्याने येतं का, नंतर दोन दिवस अंथरुणात पडावं लागतं का, ते लिहा.

तिसरी गोष्ट, सोबतच्या माणसाने बोलायचं. घरच्यांकडून माहिती घेणं हा त्या मोजपट्टीचाच भाग आहे, डॉक्टरांचे उपकार नव्हेत. मात्र पोराच्या देखत त्याची दुबळी बाजू मांडू नका, वेगळं बोलायची परवानगी मागा. आणि इथे चौथं शील आठवा. वाढवून सांगू नका. पण कमी करूनही सांगू नका. "बरा आहे हो" म्हणणारी आईसुद्धा असत्यच बोलत असते, भले ते मायेपोटी असो.

चौथी गोष्ट, आधी लेखी अर्ज द्या की, या रुग्णाला गर्दीत थांबता येत नाही, त्याला पहिला नंबर द्यावा किंवा बाजूला बसवावं. २०१६ च्या कायद्यात वाजवी सोय करून देण्याचं बंधन सरकारवर आहे. आम्ही अर्ज दिला, पोच घेतली. त्या दिवशी नाव न पुकारता शिपायाने येऊन हळूच खुणावलं. एवढ्याशा गोष्टीने फरक पडला.

पाचवी गोष्ट, नाकारलं तर कारण लेखी मागा. कलम ५८ प्रमाणे ते लेखी कळवायचं असतं आणि कलम ५९ प्रमाणे त्यावर अपील करता येतं. वकिलाचे पैसे नाहीत म्हणून थांबू नका. १९८७ च्या विधी सेवा कायद्याखाली अनुसूचित जातींना आणि दिव्यांगांना मोफत कायदेशीर मदत आहे. १९९० च्या दुरुस्तीनंतर धर्मांतरित बौद्धांनाही अनुसूचित जातीचा लाभ आहे, हे तुम्हाला सांगायला नको.

आणि ज्याला दवाखान्यापर्यंत जाणंच होत नाही, त्याच्या घरच्यांनी १४४१६ या क्रमांकावर फोन करावा. टेली-मानस ही सरकारी सेवा ऑक्टोबर २०२२ मध्ये सुरू झाली. पैसे लागत नाहीत, मराठीत बोलता येतं.

तर तिसऱ्या वेळी चाळीसच्या वर आकडा आला. प्रमाणपत्र तात्पुरतं, ठराविक मुदतीचं. मुदत संपली की पुन्हा तोच व्हरांडा.

आता पेन्शनचं. संजय गांधी निराधार अनुदान योजना आपल्या राज्यात १९८० पासून आहे. २०२३ साली तिची रक्कम महिना हजारावरून दीड हजार झाली आणि २०२५ साली सरकारने दिव्यांगांसाठी अडीच हजार करण्याचा निर्णय घेतला. पण आम्ही अर्ज केला तेव्हा दिव्यांगाच्या घराला वर्षाला पन्नास हजारांची उत्पन्नमर्यादा होती. आमची बहीण चार घरची धुणी-भांडी करते. महिना सहा हजार धरले तरी वर्षाचे बहात्तर हजार होतात. अर्ज परत आला. केंद्राच्या अपंग पेन्शनला तर ८० टक्के लागतात, ते या आजारात कधी व्हायचे? म्हणजे परिससारज्जभयाचा कागद मिळाला, पण आजीविकभय होतं तिथेच आहे. ही लढाई आम्ही जिंकून आलोय, असं समजू नका.

मग प्रमाणपत्राचा उपयोग काय, असं बहिणीनेही विचारलं. उपयोग आहे. २०१६ च्या कायद्याने सरकारी नोकऱ्यांत दिव्यांगांना ४ टक्के राखीव जागा आहेत आणि त्यांत मानसिक आजाराचाही समावेश आहे. उच्च शिक्षणातही राखीव जागा आहेत. भाच्याने बारावीचा फॉर्म पुन्हा भरला आहे. आणि दुसरं म्हणजे, त्या कागदानंतर आमच्या घरात त्याला आळशी म्हणणं बंद झालं. कागदाची वाट न बघता ते बंद व्हायला हवं होतं, ही आमची चूक.

काही घरांत भीती असते की, असा कागद केला तर पोराला वेडा म्हणतील, बहिणीचं लग्न मोडेल. हेच ते असिलोकभय. ज्या समाजाने शतकानुशतकं लोकांनी मारलेला शिक्का सोसला आणि १९५६ साली तो पुसून टाकला, त्या समाजाने आपल्याच लेकरावर दुसरा शिक्का मारू नये, एवढीच विनंती.

शेवटी विहाराबद्दल. ज्या सुत्तात ही पाच भयं आहेत, त्यातच त्या भयांपलीकडे नेणारी चार बलं सांगितली आहेत. त्यांतलं चौथं संगहबल, म्हणजे माणसं जोडून धरण्याचं बल. त्याची अंगं म्हणजे दान, प्रिय वाणी, दुसऱ्याच्या हिताचं वागणं आणि समानता. आम्ही १४ एप्रिलला जे केलं, त्यात यांतलं एकही नव्हतं.

गेल्या वर्षापासून भाचा रात्री नऊनंतर, विहार रिकामा झाला की येतो आणि वाचनालयाच्या पुस्तकांची नोंद करतो. किल्ली त्याच्याकडेच दिली आहे. चारशेच्या वर पुस्तकं नोंदवून झाली. कुणी म्हणेल, मग काम करतो की, प्रमाणपत्र कशाला? त्याला सांगतो, रात्री नऊनंतर रिकाम्या खोलीत काम देणारी कचेरी दाखवा, उद्याच अर्ज करतो.

समितीपुढे आम्ही तीन गोष्टी ठेवतो. कुणाचंही नाव त्याला विचारल्याशिवाय माईकवरून पुकारायचं नाही. मानसिक आजाराच्या रुग्णांसाठी बोर्डाने वेगळा दिवस, वेगळी शांत खोली आणि गरज पडेल तिथे घरी येऊन तपासणी करावी, असा ठराव करून तो राज्याच्या दिव्यांग कल्याण आयुक्तांना पाठवायचा. आणि पेन्शनची उत्पन्नमर्यादा आजच्या मजुरीला धरून असावी, ही मागणी त्याच ठरावात घालायची.

दर रविवारी दहा ते बारा आम्ही विहारात कागद भरायला बसतो. ज्यांच्या घरी असं कुणी असेल त्यांनी यावं. पोराला आणायची गरज नाही, आई-बापांनी यावं. ज्यांना तेही जमणार नाही, त्यांनी दानपेटीत चिठ्ठी टाकावी. आम्ही घरी येऊ. एकटे येऊ, चौघं मिळून येणार नाही.